वंशभेदावरचं पुस्तक, सक्तीचं ट्रेनिंग आणि न बोलणारी टीम

पत्र: मी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि एका विमा कंपनीत दहा जणांची टीम सांभाळते. कंपनीनं सगळ्यांना ‘व्हाइट फ्रॅजिलिटी’ (गोऱ्यांचा नाजूकपणा) हे वंशभेदावरचं पुस्तक वाचायला दिलं आणि दोन तासांचं ऑनलाइन डायव्हर्सिटी ट्रेनिंग सक्तीचं केलं. तेव्हापासून टीममध्ये कोणी कोणाशी धड बोलत नाही. वीस वर्षं कंपनीत असलेले एक गोरे सहकारी मला म्हणाले, ‘मला न विचारता गुन्हेगार ठरवलं.’ एक तरुण गोरी मुलगी पुस्तकानं इतकी भारावली आहे की सगळ्यांच्या बोलण्यातल्या चुका काढत बसते. टीममधल्या एकुलत्या एक कृष्णवर्णीय बाई ट्रेनिंगभर कॅमेरा बंद करून होत्या. आणि आपला एक मराठी मुलगा म्हणतो, ‘ताई, हे त्यांच्यातलं भांडण. आपण काय गुलाम ठेवले होते का?’ तीन आठवड्यांनी पुस्तकावरची चर्चा मलाच घ्यायची आहे. यात कोणाचं बरोबर? आणि मी हे निभावू कसं?

उत्तर: कोणाचं बरोबर, याचा निवाडा तुम्ही करू नका. ते काम कंपनीनं तुम्हाला दिलेलं नाही, आणि तुम्ही न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलात की जे थोडंफार बोलणं उरलंय तेही बंद होईल. ही चार माणसं चार वेगळ्या गोष्टींना उत्तर देताहेत, एवढं आधी ओळखा. एक जण पुस्तकाच्या मांडणीवर दुखावलाय. एक नव्यानं डोळे उघडल्याच्या भरात आहे. एक दमली आहे. एकाला वाटतं, हा विषय आपल्या उंबऱ्यापर्यंत येतच नाही. सगळ्यांना एकच काढा पाजून चालणार नाही.

गोऱ्या सहकाऱ्यांची तक्रार आधी घेऊ, कारण ती समजली की पुस्तकही समजतं. रॉबिन डिअँजेलो यांचं हे पुस्तक २०१८ चं. मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, त्यानंतरच्या आठवड्यांत ते अमेरिकेतल्या खपाच्या याद्यांत वर चढलं आणि अनेक कंपन्यांच्या वाचनात आलं. त्याचा गाभा असा: वंशाचा विषय निघाला की गोरी माणसं चिडतात, रडतात, गप्प बसतात किंवा उठून जातात, आणि त्यांच्या या बचावामुळे विषमता जागच्या जागी राहते. निरीक्षण म्हणून यात तथ्य आहे. अडचण पुढे येते. हे वाचून कोणी ‘मला पटत नाही’ म्हणालं, तर ते न पटणंच त्याच्या दोषाचं लक्षण ठरू शकतं. कबूल केलं तरी दोषी, नाकारलं तरी दोषी. तुमच्या सहकाऱ्यांना नेमकं हेच टोचलंय, आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे.

कृष्णवर्णीय वाचकांचंही या पुस्तकावर एकमत नाही. कोलंबिया विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्हॉर्टर स्वतः कृष्णवर्णीय आहेत. त्यांनी जुलै २०२० मध्ये ‘द अटलांटिक’मध्ये या पुस्तकावर कडक टीका केली, हे पुस्तक कृष्णवर्णीय माणसांनाच कमी लेखतं, असं त्यांचं म्हणणं. वंशभेदावर लिहिणारे कृष्णवर्णीय इतिहासकार इब्राम केंडी यांचं २०१९ चं ‘हाउ टू बी अ‍ॅन अँटीरेसिस्ट’ पुन्हा वेगळ्या वाटेनं जातं. ते माणसाच्या मनापेक्षा धोरणांकडे आणि त्यांच्या परिणामांकडे बोट दाखवतं. दुकानात ही पुस्तकं एकाच फळीवर असतात म्हणून ती एकच गोष्ट सांगतात असं नाही. हे तुमच्या त्या सहकाऱ्यांना जरूर सांगा. पुस्तकावर आक्षेप घेणं आणि वंशभेद नाकारणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे एकदा कळलं की माणसाचे खांदे जरा खाली येतात.

पण त्यांना तिथेच सोडू नका. पुस्तक पटो न पटो, भेदभाव होतो याचा पुरावा पुस्तकाबाहेर भरपूर आहे. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. अर्जांचा दर्जा सारखाच, नावं मात्र काहींवर गोऱ्यांत रूढ असलेली आणि काहींवर कृष्णवर्णीयांत रूढ असलेली. गोऱ्या वळणाच्या नावांना कंपन्यांकडून ५० टक्के जास्त बोलावणी आली. हा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. यात कोणाच्या मनात डोकावून पाहावं लागत नाही. नुसतं मोजलं तरी दिसतं, आणि वीस वर्षं विमा कंपनीत आकड्यांत काढलेल्या माणसाला असा पुरावा उपदेशापेक्षा लवकर पटतो.

आता ट्रेनिंगबद्दल. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी आठशेहून जास्त अमेरिकी कंपन्यांची तीन दशकांची माहिती तपासली आणि २०१६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त निष्कर्ष मांडले. सक्तीचं ट्रेनिंग सुरू केलेल्या कंपन्यांत पाच वर्षांनी मॅनेजरांमधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण सरासरी ९ टक्क्यांनी घटलेलं आढळलं, आणि आशियाई वंशाच्या स्त्री-पुरुषांचं ४ ते ५ टक्क्यांनी. म्हणजे आपलंही. जिथे ट्रेनिंग ऐच्छिक होतं तिथे कृष्णवर्णीय पुरुष, हिस्पॅनिक पुरुष आणि आशियाई स्त्री-पुरुष यांचं प्रमाण उलट वाढलं. कारण त्यांनी सरळ सांगितलंय: माणसाला ‘हे तुला मानावंच लागेल’ म्हटलं की तो अडतो. २०१९ मध्ये आणखी एक मोठा प्रयोग छापून आला. एका जागतिक कंपनीतल्या तीन हजारांवर कर्मचाऱ्यांना तासाभराचं ऑनलाइन ट्रेनिंग देऊन पाहिलं. काहींची मतं बदलली, वागणूक मात्र फारशी हलली नाही. म्हणून ट्रेनिंग झालं तरी काही बदललं नाही, याचा दोष तुमच्या टीमवर टाकू नका.

यावरून पहिलं काम ठरतं, आणि ते याच आठवड्यात करा. एचआरला ईमेल लिहा आणि दोन गोष्टी मागा. चर्चेला येणं ऐच्छिक ठेवता येईल का? येत नसेल, तर निदान बोलणं ऐच्छिक असेल असं लेखी द्या. आणि दहा जणांची एक बैठक घेण्याऐवजी पाच-पाच जणांच्या दोन बैठका, प्रत्येकी एक तासाच्या. दहा जणांत तिघं बोलतात आणि सात जण ऐकतात. पाच जणांत लपायलाही जागा कमी आणि ओरडायलाही. गट वंशावरून पाडू नका, गोऱ्यांचा वेगळा आणि इतरांचा वेगळा असं तर मुळीच नको. कायद्याच्या दृष्टीनंही ते अंगावर येऊ शकतं. जानेवारी २०२५ पासून वॉशिंग्टनचं सरकार डायव्हर्सिटी कार्यक्रमांच्या विरोधात उघडपणे उभं आहे, त्यामुळे एचआर सध्या शब्द जपून वापरेल. नोकरीत वंशावरून भेदभावाला बंदी करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा मात्र जसाच्या तसा लागू आहे, आणि तो सगळ्या वंशांच्या माणसांना सारखाच लागू आहे. ५ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानंही एकमतानं सांगितलं, की बहुसंख्य गटातल्या फिर्यादीला पुराव्याची वेगळी, जास्त कडक अट लावता येणार नाही.

दुसरं काम कॅमेरा बंद करून बसलेल्या बाईंचं. हे सगळ्यात नाजूक आहे, त्यामुळे घाईनं करू नका आणि टाळूही नका. टीममध्ये एकच कृष्णवर्णीय व्यक्ती असली की अशा प्रत्येक बैठकीत सगळ्यांची नजर तिच्याकडे वळते. कोणी माफी मागतं, कोणी विचारतं, ‘तुला असा अनुभव आला का?’, कोणी तिच्या चेहऱ्यावरून आपण बरे आहोत की वाईट हे वाचू पाहतं. पगार सगळ्यांना आपापल्या कामाचा, तिच्यावर मात्र शिकवणीही येऊन पडते. कॅमेरा बंद करण्यात रागच असेल असं नाही. नजरांपासून सुटका हवी असेल. तुम्ही तिला एकटीला गाठा, दहा मिनिटं, दार लावून, आणि असं काहीसं सांगा: ‘चर्चेला येणं न येणं तुझ्यावर आहे, कारण विचारणार नाही. आलीस तर बोलायला सांगणार नाही, आणि दुसऱ्या कोणालाही तुला प्रश्न विचारू देणार नाही. माझ्या कामाच्या वाटपाबद्दल काही सांगायचं असेल तर तेही ऐकायचंय, आज नाही तर केव्हाही.’ आणि थांबा. तिला कसं वाटलं हे विचारू नका. आपण किती चांगल्या हेतूनं हे करतोय हेही सांगत बसू नका, कारण मग तिला तुमची समजूत काढावी लागते.

तिनं त्या वेळी भेदभावाची एखादी घटना सांगितलीच, तर ‘हे आपल्या दोघींतच राहील’ असं वचन कधीही देऊ नका. तुम्ही मॅनेजर आहात. मॅनेजरला कळलं म्हणजे कंपनीला कळलं असं धरलं जाऊ शकतं, आणि तुम्हाला ते एचआरकडे न्यावं लागेल. हे बोलणं सुरू होतानाच सांगा, नंतर सांगितलं की विश्वासघात वाटतो. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना १९६४ चा कायदा लागू होतो. समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करायला न्यू जर्सीसारख्या राज्यात घटनेपासून ३०० दिवस मिळतात, राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवस. ही मुदत तिला माहीत असणं तिच्या हिताचं आहे.

तरुण मुलीची तळमळ खरी आहे, ती तोडू नका. पण एका अभ्यासाकडे लक्ष वेधावंसं वाटतं. तुमच्याच राज्यातल्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी एका खासगी संस्थेबरोबर नोव्हेंबर २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका गटाला केंडी आणि डिअँजेलो यांच्या लिखाणातून बेतलेला मजकूर वाचायला दिला, दुसऱ्याला अमेरिकेतल्या मक्याच्या उत्पादनावरचा लेख. मग दोन्ही गटांना एकच प्रसंग दिला: एका विद्यार्थ्यानं नामांकित विद्यापीठात अर्ज केला, मुलाखत झाली, प्रवेश नाकारला गेला. कोणाच्याही वंशाचा उल्लेख नाही. पहिल्या गटाला त्यात भेदभाव जास्त दिसला. हा अभ्यास शास्त्रीय नियतकालिकाच्या तपासणीतून गेलेला नाही, म्हणून त्यावर सगळी इमारत उभी करू नये. पण जे वाचलं तेच सगळीकडे दिसू लागणं हा अनुभव कोणालाही येतो. तिला शब्द पकडण्याऐवजी मोजायचं काम द्या. ते काय, हे खाली येतंय.

आता आपला मराठी मुलगा. त्याच्याशी चर्चेत वाद घालू नका. चहाला बाहेर न्या आणि मराठीत बोला, तुम्ही त्याची ताई आहात. ‘त्यांच्यातलं भांडण’ म्हणतोय, तर त्याला विचारा, आपण इथे आलो कसे? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबातून आलेल्या शीख माणसाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, अशा अनेकांचं पुढे काढून घेतलं गेलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. ते नीट उघडलं १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीनं तापलेल्या काळातला आहे. आज एडिसनच्या ओक ट्री रोडवर भाकरीचं पीठ आणि काळा मसाला मिळतो, त्याच्या मुळाशी त्या माणसांनी खाल्लेल्या लाठ्या आहेत.

आणि नातं त्याहून जुनं आहे. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, तिथल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल. पुण्यात बसून त्यांना ते भांडण परकं वाटलं नाही. पुढे १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी संघटना काढली, तिला ‘दलित पँथर’ हे नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेवरून दिलं. ‘आपण गुलाम ठेवले होते का’ या प्रश्नाचं उत्तर फुल्यांनी त्या पुस्तकात दीडशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय, आणि ते आपल्याला सुखाचं नाही.

हा भाग तुम्हालाही लागू आहे. नवा भारतीय माणूस टीममध्ये आला की जेवणाच्या टेबलावर काय विचारलं जातं, आठवा: ‘पूर्ण नाव काय?’ ‘मूळ गाव कोणतं?’ ‘घरी नॉनव्हेज चालतं का?’ विचारणाऱ्याच्या मनात कदाचित काही नसेल. पण ज्यानं आडनाव सांगताना आयुष्यभर समोरच्याचा चेहरा बदलताना पाहिलाय, त्याला हे तीन प्रश्न कशासाठी आहेत ते बरोबर कळतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल हे जातिभेदाला कायद्यानं बंदी करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर झालं. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक विधिमंडळात संमत झालं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी ते नामंजूर केलं. सध्याच्या कायद्यांत हे येतंच, असं त्यांचं म्हणणं. चर्चेत मात्र जातीचा विषय उदाहरण म्हणून काढून कोणा भारतीयाकडे पाहू नका. तुमच्या टीममध्ये आपली जात न सांगता निवांत काम करणारा कोणी असेल, तर त्याला उघडं पाडण्याचा हक्क आपल्याला नाही.

आता प्रत्यक्ष बैठक. अख्खं पुस्तक घेऊ नका. एक प्रकरण निवडा, वीसेक पानांचं, आणि पानांचे आकडे चार दिवस आधी सगळ्यांना कळवा. सुरुवातीची पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकानं कार्डावर तीन उत्तरं लिहायची. लेखिकेचा मुख्य दावा एका वाक्यात, तिनं वाचला तर ‘हो, हेच’ म्हणेल असा. त्यातलं काय पटलं आणि काय नाही, कोणत्या पानावरचं. आणि आपल्या टीमच्या कामात यातली कोणती गोष्ट तपासून पाहता येईल. कार्ड ज्याचं त्याच्याकडेच राहील. पहिल्या प्रश्नाला दहा मिनिटं, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला वीस, शेवटची पाच मिनिटं काय करायचं ते ठरवायला. लिहून घेण्याचं कारण साधं आहे: आधी जो बोलतो त्याच्या मागे बाकीचे जातात, लिहिलेलं असलं की आपलं मत हातात असतं. पहिल्या प्रश्नावर ठाम राहा. दावा नीट मांडल्याशिवाय कोणी त्यावर तुटून पडायचं नाही, आणि डोक्यावरही घ्यायचा नाही.

नियम तीनच सांगा. कोणीही आपल्या वंशाच्या वतीनं बोलायचं नाही. कबुलीजबाब नकोत, ‘मीही कसा चुकलो’ वगैरे नको. आक्षेप वाक्यावर घ्यायचा, माणसावर नाही.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. कोणी म्हणेल, ‘मला रंग दिसतच नाही.’ त्यावर व्याख्यान देऊ नका, विचारा, ‘मुलाखत घेताना ते आपण पक्कं कसं करतो?’ बोलणं लगेच कामावर येतं. तरुण मुलगी कोणाला मध्येच दुरुस्त करू लागली तर म्हणा, ‘त्यांना काय म्हणायचंय ते आधी पूर्ण ऐकू.’ कोणी रडलं किंवा भडकलं तर दोन मिनिटं थांबा, पाणी द्या, पण सगळी खोली त्या एकाची समजूत काढण्यात घालवू नका. त्याच्याशी दुसऱ्या दिवशी समोरासमोर बोला, ईमेलवर नाही. शांतता पसरली तर मनात दहा आकडे मोजा. बहुतेक वेळा सातव्या-आठव्याला कोणीतरी बोलतं. नाहीच बोललं तर कार्डाच्या तिसऱ्या प्रश्नावर या.

खरा जीव त्या तिसऱ्या प्रश्नात आहे. डॉबिन आणि कालेव यांना ज्या गोष्टी लागू पडताना दिसल्या, त्यांत ज्येष्ठांनी कनिष्ठांना हाताशी धरून शिकवण्याचे कार्यक्रम होते आणि बढती-भरतीवर नजर ठेवणारे गट होते. तुमच्या हातात एवढं नसेल, तरी दोन गोष्टी आहेत. मुलाखतीत प्रत्येक उमेदवाराला तेच पाच प्रश्न, त्याच क्रमानं विचारायचे, आणि प्रत्येकानं एक ते पाचमध्ये गुण एकमेकांशी बोलण्याआधी लिहायचे. आधी बोललं की सगळ्यांचे गुण साहेबांच्या गुणांसारखे होतात.

दुसरं, गेल्या सहा महिन्यांचा तक्ता. हेच त्या तरुण मुलीला द्यायचं काम, आणि आकड्यांची जाण असलेले ते गोरे सहकारी तयार असतील तर दोघांना मिळून. उभ्या ओळीत दहा नावं. आडव्या ओळीत कामं: मोठ्या ग्राहकासमोर सादरीकरण कोणी केलं, नव्या प्रकल्पावर कोणाला घेतलं, मीटिंगचे मुद्दे कोणी लिहिले, नव्या माणसाला कोणी शिकवलं, वाढदिवसाचा केक कोणी आणला. पहिल्या दोन कामांनी बढती मिळते, उरलेल्या तिनांनी फक्त आभार. खुणा कोणत्या नावांपुढे जमतात ते बघा आणि जे दिसेल ते सगळ्यांसमोर ठेवा, अर्थ कोणावरही न लादता. कामं वाटताना कोणाचा वंश पाहून द्यायची नाहीत, ते कायद्यात बसत नाही; पाळी लावायची. मीटिंगचे मुद्दे लिहिण्याची पाळी नावांच्या अक्षरक्रमानं येत्या सोमवारपासूनच लावा, त्यासाठी तीन आठवडे थांबायला नको. यादीत स्वतःचं नावही घाला.